माळ घालण्याआधी

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांस,
साष्टांग नमस्कार.

परवा वहिनीनं फोनवर सांगितलं, बाबा आषाढी एकादशीला माळ घालणार. मी ड्यूटीवर होतो. हातातली काचेची नळी तशीच धरून उभा राहिलो. आनंद झाला, आणि पाठोपाठ पोटात गोळाही आला. आनंद कशाचा ते सांगायला नको. गोळ्याचं फोनवर बोलता येत नाही, कारण बाबा "बरं, बरं" म्हणतात आणि फोन आईकडं देतात. म्हणून कागद घेतलाय. आई, मोठ्यानं वाचून दाखव. मधलं काही गाळू नको.

बाबा, एकादशीला एकदम बंद करू नका.

दारू सोडू नका असं मी म्हणत नाही. तीस वर्षं मी त्याचीच वाट बघतोय. फक्त एकदम सोडू नका, आणि घरी बसून सोडू नका.

तुमचं हर्नियाचं ऑपरेशन आठवतंय का? तुम्हाला कदाचित नसेल, आम्हाला आहे. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, अंगाला घाम. तिसऱ्या रात्री तुम्ही सलाईन उपसून खाटेवरनं उतरलात आणि ओरडायला लागलात, "बैल सुटलेत, दावं धरा!" वॉर्डात तुम्हाला बैल दिसत होते. भिंतीवरनं मुंग्या चालताना दिसत होत्या. दादा आणि मी दोन्ही दंड धरून होतो, तरी आवरत नव्हतात. आम्हाला वाटलं, भूल उतरली नाही. काकी म्हणाली, बाहेरचं काहीतरी लागलंय, आणि लिंबू आणायला गेली. ते भूल नव्हतं आणि भूतही नव्हतं. दारू बंद होऊन तिसरा दिवस होता, एवढंच. दाखल करताना डॉक्टरांनी विचारलं होतं, पितात का? आईनं सांगितलं, "थोडी, कधीतरी." मी शेजारीच उभा होतो. मीही मान डोलावली. बाकी कुणाला बोल लावायला जागा नाही.

आता हिशेब करा. दशमीच्या रात्री शेवटची घेतलीत, तर ती रात्र त्रयोदशीला येईल. घरात आई एकटी असेल. त्यात एकादशीचा उपवास.

हे असं का होतं, ते माझ्या परीनं सांगतो. दारू मेंदूला दाबून धरते. रोज कुणी बाहेरनं दार ढकलत असेल तर आतला माणूस तेवढाच जोर लावून उभा राहायला शिकतो. तुमचा मेंदू वर्षानुवर्षं तसाच उभा आहे. बाहेरचा माणूस एकाएकी बाजूला झाला की आतला तोंडावर आपटतो. आधी थरथर, घाम, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, मिरगीसारखे. मग दोन-तीन दिवसांनी भ्रम. उपचार न मिळाल्यास यात माणसं दगावतात. पण दवाखान्यात हे सांभाळता येतं. मेंदू शांत ठेवायच्या गोळ्या देतात आणि रोज थोड्या कमी करत नेतात. बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात, कारण पिणाऱ्याच्या अंगात ते उरलेलं नसतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

"मी काय एवढा पितोय?" हे मला इथंपर्यंत ऐकू आलं. तुमची 180 ची बाटली. तिच्यावर 42.8 टक्के छापलेलं असतं. म्हणजे 77 मिली निव्वळ अल्कोहोल, वजनानं साठ ग्रॅम. डॉक्टर लोक दहा ग्रॅमचं एक माप धरतात, तुमची सहा झाली. यकृत तासाला साधारण एक माप निपटतं. रात्री नऊला बाटली संपली तर पहाटे तीनपर्यंत त्याची पाळी चालू. सकाळी चहा घेताना कप बशीवर खडखडतो आणि तुम्ही चहा बशीत ओतून दोन्ही हातांनी पिता, ते वयामुळं नाही. दिवाळीत मी बघत होतो. साडेदहाला मागच्या परड्यातनं जाऊन आलात, आणि मग त्याच हातांनी सुईत दोरा ओवलात.

आता आई, तुझं. पुडीचं मला वहिनीनंच सांगितलं. बाबांसमोर वाचतेयस ना, वाच. लपवून झालं तेवढं पुरे. "न सांगता चहात मिसळा" अशी जाहिरात बघून बाजारातनं आणलेल्या त्या पुडीत काय आहे, हे तिच्यावर लिहिलेलंच नाही. दारू सोडवायला मदत करणारी एक खरी गोळी आहे, डायसल्फिराम. यकृत दारूचं आधी ॲसिटाल्डिहाइड करतं, ते विषारी. मग त्याचं ॲसिटेट होतं, ते निरुपद्रवी. ही गोळी दुसरी पायरी अडवते. मग घोटभर घेतली तरी विष अंगात साठतं: तोंड लालबुंद, छाती धडधडते, उलट्या, बीपी खाली. म्हणून ती दारू थांबल्यावर, माणसाला सांगून, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात. सत्तरीच्या माणसाला चोरून चहात देण्याची ती गोष्ट नव्हे. तुझा राग समजतो मला. 2007 च्या 1 जुलैला आपल्या कर्नाटक सरकारनं सारायी, म्हणजे स्वस्तातली देशी दारू, बंद केली तेव्हा तू मारुतीला नारळ फोडलास, आणि आठवड्यात बाबांनी दुकानातली बाटली आणली. तू विचारलं होतंस, मावशीच्या चंदगडाकडं बायका मतदान करून, आडवी बाटली करून, गावातलं दुकान बंद करतात, तसं आपल्याला का नाही? तो कायदा महाराष्ट्राचा. मधे सीमा आहे. गोव्याची स्वस्त बाटली मात्र चोर्ल्याच्या घाटातनं बरोबर येते, तिला सीमा लागत नाही. आणि पाट्या कन्नडमध्ये की मराठीत यावरनं आपल्याकडं डोकी फुटली, पण दारूच्या दुकानापुढं दोन्हीकडचे लोक एकाच रांगेत गुण्यागोविंदानं उभे असतात.

हे सगळं मी कुठल्या तोंडानं लिहितोय, तेही सांगतो. तुमच्यासारख्यांच्या उसाची मळी आमच्या डिस्टिलरीच्या टाकीत येते. यीस्ट त्यातली साखर खाते, दारू आणि कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि आपणच केलेल्या दारूत शेवटी गुदमरते. मग उकळणं. दारू 78 अंशांना उकळते, पाणी 100 ला, त्या फरकावर आमचं पोट. त्यातलं काही पेट्रोलमध्ये मिसळायला जातं, काही बाटल्या भरायला. टँकर सुटताना नमुना तपासून कागदावर सही मी करतो. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच पगारातनं झालं. नोकरी सोडणार आहे का? नाही, मुलांच्या फिया आहेत. तेव्हा उपदेश करायचा अधिकार मला नाही. टक्केवारी तेवढी सांगता येते, ती सांगितली.

पुढच्या गुरुवारी मी रात्रीच्या गाडीनं येतो. शुक्रवारी बेळगावला सिव्हिलमध्ये दाखवू. ते म्हणाले तर धारवाडच्या डिमहान्सला, मनाच्या आजारांच्या सरकारी दवाखान्यात, जाऊ. "धारवाडला नेलं" म्हटल्यावर गावात काय बोलतील ते ठाऊक आहे. विचारलं तर पाय दुखतोय म्हणून नेला असं सांगा. डॉक्टरांना मात्र खरं सांगायचं: रोज 180, सकाळी आणखी थोडी, आणि त्या बैलांच्या रात्रीचंही. आई, या खेपेला "कधीतरी" म्हणू नको.

तोवर, बाबा, रोजची आहे तेवढी चालू ठेवा. एक थेंब जास्त नको, पण बंदही करू नका. जेवून घ्या. झोपेची गोळी कुणाची मागून घेऊ नका. मी यायच्या आत हात जास्त थरथरले, घाम सुटला, काहीबाही दिसलं, तर दादानं माझी वाट न बघता गाडी करून थेट न्यायचं.

माळ आणली असेल तर देव्हाऱ्यात ठेवा. यंदाची आषाढी हुकली तर कार्तिकी आहे.

आणि आई, ती पुडी उकिरड्यावर टाकू नको, कोंबड्या उकरतील. डब्यात ठेव. मी आलो की बरोबर घेऊन जाईन.

तुमचा धाकटा