गाठीतला बदल रक्तात शोधू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कर्करोग हा जनुकांचा आजार’ असा मथळा मागच्या महिन्यात आपल्या अंकात आला होता. शास्त्र म्हणून तो चूक नाही. पण आमच्याकडे जनुक म्हटलं की लोक खानदान समजतात, आणि त्याची झळ माझ्या पुतणीला बसली.

तिचे वडील, माझे थोरले बंधू, पोळ्याच्या सुमारास गेले. ४० वर्षं बिडी. उजव्या हाताची दोन बोटं हळदीसारखी पिवळी. थुंकीत एकदाही जंतू सापडले नसताना सहा महिने टीबीच्या गोळ्या चालल्या. नागपुरात गाठीचा तुकडा तपासला तोवर फुफ्फुसातला कर्करोग यकृतात पोचला होता. अहवालात ‘टीपी५३ म्युटेशन’, म्हणजे टीपी५३ या जनुकात (जीनमध्ये) बदल, अशी ओळ होती, डॉक्टरांनी तिच्याखाली निळ्या पेनानं रेघ ओढलेली. तो कागद नातेवाइकांत फिरला. पुतणीची सोयरीक जवळपास ठरली होती. आपला अंक आला त्याच आठवड्यात निरोप आला, ‘पोरीच्या घराण्यात कॅन्सरचा जीन आहे म्हणतात.’

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून हे लिहितो. टीपी५३ हा जीन तुमच्या-माझ्या, सगळ्यांच्या पेशींत असतो. सतराव्या गुणसूत्रावर, एक प्रत आईची, एक वडिलांची. त्याचं काम राखणीचं. डीएनएला इजा झालेल्या पेशीला तो वाढू देत नाही. दुरुस्ती जमली नाही तर तिला मरायला लावतो. धानाच्या बांधीवर रात्री जागलीला बसलेला माणूसच म्हणा. त्याचा डोळा लागला की रानडुकरं आत. फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या ‘स्मॉल सेल’ नावाच्या प्रकारात तर टीपी५३ आणि आरबी१ नावाचा दुसरा जीन, हे दोन्ही राखणदार जवळपास नेहमीच निकामी झालेले आढळतात.

ते निकामी कशानं होतात? तंबाखूच्या धुरातल्या बेंझोपायरीनपासून शरीरात बनणारा पदार्थ टीपी५३च्या ठरावीक जागांवर चिकटतो, आणि फुफ्फुसाच्या गाठींत बदल वारंवार सापडतात ते नेमके तिथेच. हे १९९६ साली दाखवलं गेलं आहे. दादांच्या अहवालातला बदल त्यांच्या फुफ्फुसात, त्यांच्या हयातीत झालेला. लेकरांना वारसा जातो तो बीजपेशींतून, म्हणजे आईच्या अंड्यातून आणि वडिलांच्या शुक्राणूतून. फुफ्फुसातून पोरीत काही उतरत नाही.

जन्मतःच टीपी५३ बिघडलेली घराणी असतात, त्याला ली-फ्रॉमेनी म्हणतात. पण ती फार विरळा, आणि तिथे कोवळ्या वयातच निरनिराळे कर्करोग दिसू लागतात. आमच्या घरी तसं कुणालाच नाही.

तेंदूपत्त्यावर आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा उन्हाळा निघतो, म्हणून बिडीविरुद्ध बोलायला जीभ रेटत नाही. तरी सोयरिकीत काही विचारायचंच असेल, तर नवऱ्या मुलाला बिडी-सिगारेटचं विचारा.

आपण अशी बातमी छापाल तेव्हा ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ यांतला फरक एका वाक्यात द्यावा. तपासणी केंद्रांनीही अहवालावर मराठीत एवढं लिहावं: हा बदल गाठीतला आहे.

येत्या रविवारी दुसरे पाहुणे येणार आहेत. त्याआधी हे पत्र छापलंत तर तो अंक मी त्यांच्यापुढे ठेवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया