विषारी पावडरवर पाण्याचा पाईप सोडण्याआधी: ठाण्याच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, ठाणे जिल्हा, यांस,
सादर नमस्कार.

मी गेली अठरा वर्षं तुर्भे एमआयडीसीत गोडाऊन सुपरवायझर आहे. राहायला घणसोलीत. आमच्याकडे फवारणीचा माल, म्हणजे कीटकनाशकं, उतरतो. त्याला आम्ही सगळे ‘औषध’ म्हणतो, आणि मला वाटतं या शब्दानेच त्याची भीती घालवली आहे.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेम्पोचा फाळका सुटला. तीन गोणी रस्त्यावर पडल्या, एक फाटली. आत पांढरट पावडर. गोणीवर कवटीचं चिन्ह आणि त्याखाली लाल त्रिकोण. कीटकनाशकांच्या लेबलवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे चार रंग असतात. लाल म्हणजे सर्वांत जहाल. टेम्पोवाल्याला हे कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. एका माथाडी कामगाराने ओंजळीने पावडर गोणीत भरली, हात पँटला पुसले आणि त्याच तळव्यावर तंबाखू मळायला घेतली. मी धावत जाऊन त्याचा हात झटकला. तेवढ्यात शेजारून कुणीतरी पाण्याचा पाईप ओढत आणला आणि रस्ता धुऊन काढला. पाच मिनिटांत डांबर स्वच्छ. सगळे आपापल्या कामाला लागले.

संध्याकाळी त्या माथाडीला दरदरून घाम फुटला, तोंडातून लाळ गळायला लागली, उलट्या झाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “औषधाचं नाव काय?” गोणी टेम्पोबरोबर कधीच निघून गेली होती. माझ्या मोबाईलमध्ये लेबलचा फोटो होता म्हणून निभावलं. ऑरगॅनोफॉस्फेट, म्हणजे नसांवर हल्ला करणारं कीटकनाशक होतं. अंगावरचे कपडे काढून त्याला साबणाने धुतलं, ॲट्रोपिन हा त्यावरचा उतारा वेळेत मिळाला, माणूस घरी आला.

महोदय, हे पत्र मी त्या पाण्याच्या पाईपसाठी लिहितोय. सांडलं की धुवा, पेटलं की पाणी मारा, ही आपली सवय आहे. विषारी पावडरीच्या बाबतीत तीच घात करते. पावडर जागेवर होती तोवर ती दहा फुटांत होती. पाण्याने ती गटारात गेली, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून ठाणे खाडीत. खाडीला २०२२ मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, फ्लेमिंगोंचं अभयारण्य तर २०१५ पासूनच आहे. पण माझ्या शेजारची माणसं आजही त्या चिखलातून निवट्या आणि चिंबोऱ्या काढतात, मला त्यांची काळजी आधी वाटते.

करायचं असतं ते साधं आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभं राहायचं. हात लावायचा नाही, कोरडा झाडू मारून धूळ उडवायची नाही. पावडरीवर प्लास्टिकची ताडपत्री टाकायची, भोवती कोरड्या वाळूचा बांध घालायचा आणि सगळ्यात आधी गटाराचं तोंड बंद करायचं. उत्तर अमेरिकेतल्या अग्निशमन दलांच्या मार्गदर्शिकेत विषारी घन माल सांडला तर चहूबाजूंनी किमान २५ मीटर जागा मोकळी करायला सांगितलं आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर त्याचा अर्थ वाहतूक अडवणं. म्हणजे हा निर्णय घ्यायला चौकातल्या ट्रॅफिक हवालदारालाही ते लेबल वाचता आलं पाहिजे.

आग लागली तर प्रश्न आणखी कठीण होतो. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी रसायनांचं एक गोदाम पेटलं. जवानांनी शर्थ करून ते विझवलं, पण विझवायला वापरलेलं पाणी टनावारी कीटकनाशक घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं. नदी लाल झाली, ईल मासे खच पडावा तसे मेले. आग छोटी असेल तर ड्राय पावडर किंवा कार्बन डायऑक्साईड पुरतो. मोठी असेल तर फवारा किंवा फोम, ढिगावर थेट जोराची धार नको, आणि वाहून येणारं पाणी अडवायला आधीच बांध हवा. कधी कधी, धूर वस्तीकडे जात नसेल तर, नियंत्रणाखाली जळू देणंच शहाणपणाचं ठरतं. हे ठरवणारा अधिकारी कोण, एमआयडीसीचा की महापालिकेचा, हे आग लागल्यावर ठरवू नये.

आणि सगळ्याच मालावर पाणी चालतही नाही. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या ओल्या झाल्या की फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. वाशीच्या धान्य बाजाराला या गोळ्या नव्या नाहीत, आणि पावसाळा आपल्याकडे चार महिने असतो.

धान्यावरून आठवलं. १९५८ मध्ये केरळात शंभरावर माणसं दगावली, कारण जहाजात पिठाच्या पोत्यांशेजारी फॉलिडॉल हे कीटकनाशक ठेवलं होतं आणि ते सांडलं. त्यातूनच पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. आजही आमच्या गल्लीत एकाच टेम्पोत औषधाची खोकी आणि तांदळाच्या गोणी मी पाहतो, आणि परत पाठवतो. सगळे पाठवत नाहीत.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे घातक मालाच्या गाडीवर माहितीचा फलक आणि ड्रायव्हरजवळ लेखी सूचना हव्यात. मोठ्या कंटेनरवर फलक दिसतो. न्हावाशेवा बंदरातून माल आला की तो आमच्याकडे फुटकळ होऊन छोट्या टेम्पोंत जातो, तिथे काही नसतं. तपासणी तिथे हवी.

माझी मागणी एवढीच. प्रत्येक अग्निशमन गाडीत कोरडी वाळू, ताडपत्री आणि गटार बंद करायचं साहित्य ठेवा. कुठल्या गोडाऊनमध्ये कुठला माल आहे याची यादी अग्निशमन दलाकडे आणि जवळच्या रुग्णालयांकडे द्या. गोळा केलेली पावडर कचराकुंडीत न जाता तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जाईल, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून पाहून घ्या. भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून या शहरात झडपांचे धारण तलाव बांधले आहेत. नाल्यातलं विष खाडीत जाऊ नये म्हणून एमआयडीसीच्या नाल्यांवर बंद करता येणारी दारं बसवणं या शहराला जड नाही.

आणि येत्या मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आत, तुर्भ्यातल्या एका गल्लीत सराव घ्या. माथाडी, सफाई कामगार, टेम्पोवाले, सगळ्यांना बोलवा. विषाऐवजी पिठाची गोणी फोडू. वाळू मी भरून ठेवतो.

आपला नम्र,
तुर्भे एमआयडीसीतला एक गोडाऊन सुपरवायझर
घणसोली, नवी मुंबई