आवाहन : एका ‘मृत्युंजय’चे तीन तुकडे आणि तेवीस पोरं

सर्व सभासद, माजी सभासद, पालक आणि देशभर पसरलेले आपले गलाई (सोनं-चांदी गाळणारे) बांधव यांना सप्रेम नमस्कार.

मुलांच्या वाचनासाठी कादंबऱ्यांच्या जादा प्रती घ्यायला मदत मागणारं हे पत्र गेल्या महिन्यातच जायला हवं होतं. लेखापरीक्षण, अनुदानाचे कागद आणि पावसात गळायला लागलेला मागचा पत्रा यांत राहून गेलं, क्षमा असावी. आता दिवस थोडे उरलेत म्हणून एका बैठकीत लिहून काढतो आहे. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्यावं.

आपल्या वाचनालयाची ओळख गावाला करून द्यायची गरज नाही. पण बाहेर वाढलेल्या पोरासोरांनाही हे पत्र जाणार, म्हणून थोडं सांगतो. हे वाचनालय तात्यांच्या अडत दुकानाच्या माडीवर सुरू झालं. खाली ज्वारीच्या पोत्यांचा हिशेब, वर पुस्तकांचा. दोन्ही हिशेब तात्या स्वतः लिहीत, आणि जुने लोक सांगतात की वरचा जास्त काटेकोर असे. १९७२ च्या दुष्काळात निम्मं गाव खडी फोडायला गेलं, तेव्हा तात्यांनी सगळ्यांची वर्गणी माफ केली. मात्र पुस्तक उशिरा आणणाऱ्याचा दंड माफ केला नाही! त्या वर्षीचं देवघेव रजिस्टर आजही कपाटात आहे. नेहमीच्या वर्षापेक्षा त्यात नोंदी जास्त आहेत.

पुढे आपल्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर गेली. भट्टीपुढे घाम गाळून मिळवलेल्या पैशातून त्यांनी गावाकडे देवळं बांधली, तालमी बांधल्या आणि आपलं हे वाचनालयही बांधलं. कोइमतूरच्या अण्णांनी दिलेली चार लोखंडी कपाटं आजही खणखणीत आहेत. त्यांवर नाव घालायला अण्णांनी शेवटपर्यंत नकार दिला. “पोरांनी आत बघावं, दारावर काय बघायचंय,” असं म्हणाले होते. आणि आक्का! आक्कांना अक्षर येत नव्हतं. बालविभाग काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी पूर्ण एका महिन्याचे रतिबाचे पैसे आणून टेबलावर ठेवले आणि पावती घ्यायला नको म्हणाल्या. तेव्हाच्या चिटणिसांनी ती जबरदस्तीनं दिली. परवा त्यांच्या नातीनं ती जपून ठेवलेली पावती आणून दाखवली. आपल्या ग्रंथपाल बाईंबद्दल काय लिहावं! एवढ्याशा मानधनावर तीस वर्षांहून जास्त काळ त्या आहेत आणि कुणाच्या घरी कुठलं पुस्तक अडकलंय हे त्यांना रजिस्टर न उघडता सांगता येतं. (काही सभासदांनी याची नोंद घ्यावी.)

आता मुद्द्याला येतो.

दोन वर्षांपूर्वी, दहावीच्या सुट्टीत, आपल्या गुरुजींनी दर रविवारी सकाळी नऊ वाजता मुलांना बोलवायला सुरुवात केली. अट एकच होती. एक कादंबरी वाचायची आणि ती कशी वाटली ते खरं खरं सांगायचं. सारांश सांगायचा नाही, ‘लेखकाने समाजाचे विदारक चित्रण केले आहे’ असलं गाइडातलं वाक्य बोलायचं नाही. बोललं की गुरुजी नुसते चष्म्यावरून बघतात. पहिल्या रविवारी चारजण आले, त्यातले दोन घरचं भांडण थांबावं म्हणून पाठवलेले भाऊ होते. आज तेवीसजण येतात, सातवीपासून बारावीपर्यंतचे. मुलांची नावं इथं देत नाही. एकाला घरी बोलणी बसली, म्हणून मुलांनीच तसं सांगितलं आहे.

ही मुलं काय बोलतात ते गावानं ऐकायला हवं, म्हणून दोन-चार मासले देतो.

‘बनगरवाडी’ आपल्याच माणदेशातली कादंबरी, लेखकाचं माडगूळही जवळच. आम्हाला वाटलं, सगळे कौतुक करतील. तर ज्याच्या घरी आजही मेंढरं आहेत तो नववीतला मुलगा उठला आणि म्हणाला, “मास्तर चांगला हाय, पण तो बाहेरून आलेला हाय. हीच गोष्ट कारभाऱ्यानं सांगितली असती तर येगळी झाली असती.” मग अर्धा तास नुसती गंमत. कारभाऱ्यानं तालमीची गोष्ट कशी सांगितली असती, आनंदा रामोशानं कशी सांगितली असती! शेवटी एकजण म्हणाली, दुष्काळ पडल्यावर वाडी रिकामी होते ते पान तिनं आजोबांना वाचून दाखवलं. आजोबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

‘ययाति’वर तर दोन रविवार गेले. पुरूनं बापाला आपलं तारुण्य दिलं याचं आपल्या पिढीनं कौतुकच ऐकलं. दहावीतली एक मुलगी म्हणाली, “देणारा मोठा, हे ठीक. पण मागायला तोंड कसं उघडलं, ते आधी बोला ना.” गुरुजी गप्प झाले. बाकावर मागं बसलेले दोन पालकही गप्प झाले. मी स्वतः चाळीस वर्षांपूर्वी ही कादंबरी वाचली आहे. मला तेव्हा हे सुचलं नव्हतं, हे इथं कबूल करतो. दुसऱ्या एकीला त्यातला देवयानीचा भाग सगळ्यात आवडला, कारण “ती चिडते आणि चिडल्याची लाज बाळगत नाही.”

‘शाळा’ सगळ्यांची लाडकी. पण तिथंही एकमत नाही. एकाचं म्हणणं, तेव्हा मोबाइल नव्हते म्हणून ही कादंबरी झाली, नाहीतर पहिल्या वीस पानांत संपली असती. अकरावीतल्या मुलींनी उलट विचारलं, मुकुंदाच्या मनात काय चाललंय ते पानोपानी आहे, शिरोडकरच्या मनात काय होतं ते कुणी विचारलं का? मुलांकडे उत्तर नव्हतं. एकजण तर म्हणाला, “मी पण नाही विचारलं,” आणि सगळे हसले. तो कुणाबद्दल बोलत होता ते आम्हा म्हाताऱ्यांना कळलं नाही, बहुतेक.

आणि एक आठवीतला मुलगा. ‘फकिरा’ घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला, पुस्तक न वाचता. अर्पणपत्रिकेवरच अडला होता. अण्णा भाऊंनी ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. “लेखणीला अर्पण करता येतं होय?” असं त्यानं विचारलं. बाईंनी हो म्हटलं. मग तो कादंबरी घेऊन गेला आणि तीन दिवसांत संपवली. आता त्याला अण्णा भाऊंचं सगळंच हवंय.

इथं आमची अडचण सुरू होते.

वाचनालयाची खरेदी कशी होते हे आपल्याला ठाऊक आहे. आपण सरकारी वर्गवारीत ‘क’ वर्गात, अनुदान हप्त्याहप्त्यानं येतं आणि त्यातून पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं भागवून जे उरतं त्यात पुस्तकं. त्यामुळे आपण नेहमी जास्तीत जास्त नवी पुस्तकं घेत आलो, प्रत्येकाची एक प्रत. सभासदांसाठी हे बरोबरच होतं. पण चर्चेला एकच पुस्तक एकाच वेळी आठ-दहाजणांनी वाचलेलं लागतं. एका प्रतीवर तेवीस मुलं कशी भागवणार? पहिल्यानं वाचलेलं शेवटच्याची पाळी येईपर्यंत तो विसरून जातो.

‘मृत्युंजय’चं काय झालं ते सांगितलंच पाहिजे. आपली प्रत जुनी, बांधणी सुटून तिचे तीन भाग झाले होते. मुलांनी शक्कल लढवली. तिघांनी तीन भाग वाटून घेतले, म्हणजे एकाच वेळी तिघांचं वाचून होईल. रविवारी चर्चेला बसले तर एक मुलगा कर्णाच्या बालपणावर बोलतोय, दुसरा भलतंच काहीतरी, आणि तिसऱ्याच्या वाट्याला शेवटचा, श्रीकृष्णाच्या तोंडचा भाग आलेला. त्याला कर्ण कसा मेला हे सगळं पाठ, पण तो कुठून आला हे माहीत नाही. हसून हसून पुरेवाट झाली. मात्र त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या गावानं माडीवर वाचनालय काढलं, त्या गावाची पोरं कर्णाला तुकड्यातुकड्यांनी वाचताहेत.

आता थोडं कडू. लिहू की नको असं झालं होतं, पण लिहितो. गेल्या वर्षी १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, मुलांनी जाहीर कार्यक्रम ठेवला होता. अकराजण बोलणार होते. आम्ही मंडपवाल्याकडून साठ खुर्च्या आणल्या. मुलं सोडून नऊ माणसं आली आणि त्यातला एक खुर्च्या परत न्यायला आलेला मंडपवाला होता. (तो मात्र शेवटपर्यंत थांबला आणि त्यानं भाडं घेतलं नाही. त्याचे आभार.) त्याच महिन्यात मिरवणुकीच्या डॉल्बीची वर्गणी दोन रात्रींत गोळा झाली होती. मिरवणुकीला आमचा विरोध नाही, मीही ताशा वाजवलेला आहे. पण आठवलं की जरा लागतं.

त्यानंतर आम्ही पुस्तकं द्या म्हणून तीनशे पत्रकं वाटली. पुस्तकं आली, नाही असं नाही. जुन्या अभ्यासक्रमाची गाइडं, कुठल्या तरी कंपनीच्या डायऱ्या, आणि एका पिशवीत अर्धवट सोडवलेली शब्दकोडी. कादंबऱ्या आल्या चार. शाळांनाही विचारलं. एका ठिकाणी उत्तर मिळालं की कादंबऱ्यांनी मार्क वाढत नाहीत. नाही वाढत, मान्य. पण गेल्या वर्षी वक्तृत्वाच्या स्पर्धेत आपली मुलगी तालुक्यात पहिली आली तेव्हा हार घालायला मात्र सगळे पुढे होते. ती आमच्याच रविवारची.

असो. मागच्याचं मागं ठेवून, यंदा काय हवंय ते सांगतो.

मुलांनी मतं देऊन दहा कादंबऱ्या निवडल्या आहेत, प्रत्येकीच्या सात प्रती, म्हणजे सत्तर पुस्तकं. विक्रेत्यानं सवलत धरून सुमारे २५,००० रुपये सांगितले आहेत. ठेवायला एक कपाट ९,५००. जुन्या १२० पुस्तकांची बांधणी, प्रती साठ रुपयांनी, ७,२००. मुलांनी लिहिलेल्या मतांची ४८ पानांची पुस्तिका, ३०० प्रती, १२,०००. एकूण ५३,७००. कार्यकारिणीनं आपसांत जमवलेले व रद्दीविक्रीचे मिळून ११,३५० जमा आहेत, म्हणजे ४२,३५० कमी पडतात. ३० सप्टेंबरपर्यंत जमलं तरच पुस्तकं येऊन मुलांचं काहीतरी वाचून १५ ऑक्टोबरला बोलणं होईल. देणगी काउंटरवर सायंकाळी ५ ते ८, सोमवारी सुट्टी, बाईंकडे. क्यूआर कोडची पाटी तिथंच लावली आहे, बाहेरगावच्यांना कार्यकारिणीतला कुणीही फोटो पाठवेल. पावती प्रत्येकाला, आक्कांसारखं नको म्हटलं तरी. आयकर सवलत हवी असल्यास रोख रक्कम २,००० च्या वर देऊ नये, चेक किंवा ऑनलाइन द्यावी आणि पॅन नंबर कळवावा. एका कादंबरीच्या सातही प्रती देणाऱ्याचं नाव आत शिक्क्यानं घालू, नको असेल तर तसं सांगावं. पुस्तकंच द्यायची असतील तर आधी बाईंना विचारून द्यावीत. गाइडं कृपया नकोत. पैसे जमत नसतील तर रविवारी सकाळी येऊन मागच्या बाकावर बसा. चहा मिळतो, फक्त बोलणाऱ्याला मध्ये थांबवायचं नाही आणि ‘आमच्या वेळी’ असं सुरू करायचं नाही. गुरुजींनी तशी पाटीच लावली आहे, माझ्यामुळे.

गलाई बांधवांनी दिवाळीला गावी येताना आपापल्या मुलांना एका रविवारी जरूर पाठवावं. तुमची मुलं तमिळ, बंगाली, हिंदी शाळांत शिकतात. गेल्या सुट्टीत कोलकात्याहून आलेल्या एका मुलीनं तिच्या शाळेत शिकलेल्या बंगाली कादंबरीबद्दल मोडक्या मराठीत सांगितलं. आमची पोरं तिला सोडेनात. ते पुस्तक मराठीत मिळतं का म्हणून बाईंच्या मागे लागली आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. ‘मृत्युंजय’चा मधला तुकडा गेल्या महिन्यापासून सापडत नाही. ज्यांच्या घरी असेल त्यांनी काही न बोलता काउंटरवर ठेवून जावा. दंड नाही. तात्या असते तर घेतला असता, पण मी घेणार नाही.