लिव्हिया काही कारकुनाच्या चुकीनं स्पेनमध्ये राहिलं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपातल्या अजब सीमांवरचा लेख आवडीनं वाचला, पण त्यात लिव्हियाबद्दल जे छापलंय की यादी करताना कारकून गावाचं नाव लिहायला विसरला आणि म्हणून ते फ्रान्सच्या पोटात स्पेनचं राहून गेलं, ते काही बरोबर नाही. मुलगी बार्सिलोनाला असते, दोन वर्षांमागे तिच्याकडे गेलो तेव्हा हे गाव बघून आलोय, म्हणून गप्प बसवेना.

मूळ भानगड सर्दान्याची आहे, आणि लेखात सर्दान्याचं नावच नाही! फ्रान्स आणि स्पेनच्या मधल्या पिरेनीज डोंगरात एक ऐसपैस सपाट खोरं आहे, तेच सर्दान्या, लिव्हियाही त्यातच; तिथे मध्ययुगात काउंटी होती, म्हणजे काउंटचा वंशपरंपरेचा मुलूख. 9व्या शतकात तिथला काउंट होता गिफ्रे, लोक त्याला केसाळ गिफ्रे म्हणायचे (का ते विचारू नका), बार्सिलोनाही त्याच्याचकडे. 897 ला तो गेला, सर्दान्या एका मुलाकडे आलं, मग 1117 ला वंश खुंटला आणि मुलूख परत बार्सिलोनाच्या काउंटकडे. पुढे फ्रान्सच्या अकराव्या लुईनं पैशाच्या व्यवहारात शेजारचं रुसियों आणि हे खोरं दोन्ही दाबून ठेवलं, ते 1493 ला सुटलं. म्हणजे बघा, मालक बदलले, खोरं गहाण पडलं, पण त्याचे तुकडे कोणी केले नव्हते.

ते झाले फ्रान्स-स्पेनच्या 1659 च्या तहात. तहात लिहिलं की पिरेनीजचा डोंगर हीच दोन्ही राज्यांची हद्द. ऐकायला सोपं, पण सर्दान्याचं पाणी सेग्रे नदीतून स्पेनमधल्या एब्रो नदीला मिळतं, म्हणजे डोंगराची धार धरली तर अख्खं खोरं स्पेनचं. फ्रान्सकडून बोलणी करायला प्येर द मार्का नावाचे मोठे धर्मगुरू होते, ते रोमन काळातल्या लेखकांचे दाखले काढून बसले की जुनी हद्द नेमकी कुठे होती! खरी गोष्ट एवढीच की रुसियोंहून, सर्दान्यातून वर फ्रान्सकडे जाणाऱ्या कारोलच्या खोऱ्याकडे जायला फ्रान्सला स्वतःची वाट पाहिजे होती. शेवटी स्पेननं फ्रान्सला 33 खेडी द्यायचं ठरलं आणि 1660 च्या नोव्हेंबरात चक्क लिव्हियातच बसून याद्या पक्क्या केल्या. तिथे स्पेनवाल्यांनी शब्द पकडला. देणं खेड्यांचं आहे आणि लिव्हिया खेडं नाही, तिला 'विला'चा दर्जा आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर तह मौज्यांचा, आणि हा कसबा. फ्रान्सनं मानलं, फक्त अट घातली की तिथे तटबंदी करायची नाही. आता सांगा, हा विसराळूपणा आहे का? मी निपाणीचा, गावांच्या याद्या आणि कुठलं गाव कुठल्या रकान्यात यावर आमची हयात गेली, त्यामुळे असं काही वाचलं की लगेच टोचतं.

आज लिव्हिया म्हणजे जेमतेम 13 चौरस किलोमीटर आणि दीडेक हजार माणसं. पुचसर्दा या शेजारच्या स्पेनमधल्या गावाहून गाडीनं निघालो तर मधला तुकडा फ्रान्सचा, रस्ता मात्र तहानं मोकळा ठेवलेला, पाचेक मिनिटांत पोचलो, पोलीस नाही की पासपोर्ट नाही. मुलीनं सांगितलं तेव्हा कळलं आपण मधे फ्रान्समध्ये होतो. पण याच रस्त्यावर 1970 च्या दशकात फ्रान्सनं आपला हायवे आडवा जातो तिथे स्टॉपच्या पाट्या लावल्या, लिव्हियाच्या लोकांनी त्या रात्री उपटून टाकल्या, यांनी परत लावल्या, त्यांनी परत उपटल्या, हे वर्षानुवर्षं चाललं आणि शेवटी पूल बांधावा लागला. त्यांचं म्हणणं असं की तहानं दिलेली वाट आहे, थांबायचं कशाला. मला तर पटलं.

गावातलं जुनं औषधांचं दुकान आता म्युझियममध्ये मांडून ठेवलंय, रंगवलेल्या लाकडी डब्यांवर संतांचे चेहरे, ते बघण्यात आमचा सगळा वेळ गेला आणि जेवण राहिलं. खाली पुचसर्दाला 2014 पासून दोन्ही देशांनी मिळून चालवलेलं हॉस्पिटल आहे, तिथे दोन्हीकडचे पेशंट येतात. लेखात हेही यायला हवं होतं, नुसती गंमत म्हणून सांगण्यापेक्षा.

आणि हो, फोटोखाली तुम्ही 'फ्रान्समधलं लिव्हिया' असं छापलंय. तेवढं तरी पुढच्या अंकात दुरुस्त करा, तिथल्या कोणी वाचलं तर पाटी उपटायला इथपर्यंत येतील.

आपला,
एक जुना वाचक, निपाणी