विटांच्या चर्चमधली शाळा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी साउथ कॅरोलिनातल्या सेंट हेलेना बेटावर जाऊन आले. फोनवर सगळं नीट सांगून होणार नाही, म्हणून लिहिते.

तिथे विटांचं एक चर्च आहे, 1855 सालचं. बांधलं गुलामांनी, पण त्यांना बसायला जागा मात्र वरच्या सज्जात. गुलामाला अक्षर शिकवणं हा तेव्हा तिथे कायद्यानं गुन्हा होता. 1861 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारानं इथली बेटं घेतली, मळेवाले पळाले आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाहून लॉरा टाउन मागे राहिलेल्या गुलामांना शिकवायला आली. दोनेक महिन्यांनी तिची मैत्रीण एलन मरे. मागोमाग शार्लट फोर्टेन आली, ती स्वतः कृष्णवर्णीय. शाळा भरायची याच चर्चमध्ये. मधे भिंत नाही, पडदा नाही, तिघींचे वर्ग एकाच खोलीत. मोठी मुलं सकाळपासून उन्हात शेतात राबून दुपारी वर्गात यायची, तरी शिकायची हौस तेवढीच, असं शार्लटनं लिहून ठेवलंय.

आई, मी त्या बाकावर बसले आणि डोळ्यांसमोर तू आलीस. पहिली ते चौथी एकाच खोलीत, पहिलीला पाटीवर गिरवायला देऊन तू चौथीकडे वळायचीस. कापसाच्या वेचणीत पोरं दुपारनंतर यायची, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. तू कधी कुणाला परत पाठवलं नाहीस.

बाबा, जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. ते पान तुम्ही आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायचात. त्या वर्षी लॉरा याच बेटावर शिकवत होती! हे लक्षात आलं आणि अंगावर काटा आला.

1877 ला दक्षिणेतून सरकारचं लक्ष उडालं, कृष्णवर्णीयांचे हक्क एकेक करून काढून घेतले गेले. लॉरा मात्र गेली नाही. ती औषधंही द्यायची, त्यामुळे शाळा सुटली तरी काम सुटत नसे. 1901 मध्ये ती इथेच वारली. तिची शवपेटी खेचराच्या साध्या गाडीतून धक्क्यापर्यंत नेली, आणि बेटावरचे शेकडो लोक गात गात मागून चालत गेले.

आई, तू निवृत्त झालीस तेव्हा अख्खी वाडी एसटीच्या फाट्यापर्यंत आली होती. बारावीच्या क्लासपायी मी आले नाही, ते आता फार लागतंय. त्या दिवसाचा फोटो असेल तर बाबा, तेवढा पाठवा.

तुमची,
लेक