सोडून दिलेला ससा पाठलागाने हाती लागत नाही

मा. संपादक महोदय,

मे महिन्याची सुट्टी संपून पर्यटक परतले की गुहागर-दापोली किनाऱ्यावरील आमच्या वाड्यांतून मधूनच एखादा पांढरा किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा ससा गडग्याच्या आडोशाला बसलेला आढळतो. पाहुण्यांच्या मुलांना खेळायला म्हणून आणलेला आणि हंगाम सरताच नकोसा झालेला हा प्राणी ‘रानात मोकळा सोडला’, असे त्याचे मालक अभिमानाने सांगतात. आपल्या सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, तपकिरी, मानेवर काळा पट्टा असलेला रानससा निराळा. त्याला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याला कोणी हातही लावू नये. पाळीव ससा मात्र युरोपातील बिळात राहणाऱ्या सशाचा वंशज आहे. जांभ्याच्या कातळात त्याला बीळ खणता येत नाही आणि पांढऱ्या अंगामुळे तो कुत्र्या-मुंगसांच्या नजरेतून सुटत नाही. अशा प्राण्याला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, हे किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे.

मात्र हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. ससा दिसला की वाडीतली पोरे गोणपाट घेऊन त्याच्यामागे धावतात. हेतू चांगला असतो, परंतु त्याचा परिणाम उलटा होतो. शिकार होणाऱ्या प्राण्याला पाठलाग आणि वरून झेपावणारा हात यांचा अर्थ एकच कळतो. शिवाय सशाचा कणा नाजूक असतो. धरलेला ससा मागच्या पायांनी जोराने झटकू लागला, तर त्या झटक्यानेच त्याचा कणा मोडू शकतो. कान धरून उचलणे तर सर्वस्वी वर्ज्य मानावे.

त्याचा विश्वास मिळवायचा असेल, तर कुत्र्यांना बांधून, रोज ठरावीक वेळी, सकाळी किंवा तिन्हीसांजेला, त्याच जागी हरळी आणि कोथिंबिरीच्या काड्या ठेवाव्यात, जवळ पाण्याचे पसरट भांडे ठेवावे आणि आपण थोडे दूर, त्याच्याकडे बाजू करून, जमिनीवर बसून राहावे. ससा पुढे येतो तेव्हा मागचे पाय जागेवरच रोवून केवळ मान आणि धड लांबवतो. त्या क्षणी आपण हात पुढे केला, की आदल्या दिवसांची सारी मेहनत वाया जाते. त्याला जवळजवळ चहूबाजूंचे दिसते, पण नाकासमोरचे आणि हनुवटीखालचे दिसत नाही, म्हणून हुंगायला हात नाकाखाली धरला की तो दचकतो. पुढे कधी स्पर्श करायचाच, तर बाजूने हात नेऊन कपाळावर करावा. त्याने मागचा पाय जमिनीवर आपटला तर तो धोक्याचा इशारा समजून आपण तेथेच थांबावे. आपल्या चपलेला तो हनुवटी घासू लागला, तर तेथे आपला वास लावून ती जागा तो ओळखीची करत असतो, आणि आपल्यासमोर अंग सैल सोडून कुशीवर पडला तर काम बरेच पुढे गेले असे समजावे. यास किती दिवस लागतील, हे ससाच ठरवतो. पोरांना हे पटवणेच खरे कठीण!

खाऊ देतानाही तारतम्य हवे. भात, पोळी, बिस्किटे त्याच्या पोटाला झेपत नाहीत, आणि चित्रांतले गाजरही गोड असल्याने चवीपुरतेच द्यावे. हापूसच्या बागेतले फवारणीखालचे गवत मुळीच कापून आणू नये.

ससा निर्धास्त खाऊ लागला की खाणे हळूहळू झाकणाच्या टोपलीत किंवा आडव्या ठेवलेल्या खोक्यात सरकवावे, आणि तो स्वतःहून आत जाऊ लागल्यावरच एके दिवशी झाकण लावावे. त्यानंतर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा, कारण दिवसभर न खाल्लेला ससा दगावू शकतो. सशाला घाम येत नाही, त्यामुळे वाहतूक उन्हात करू नये. दोन ससे सापडल्यास पशुवैद्यकाने नर-मादी ओळखून दिल्याखेरीज त्यांना एकत्र ठेवू नये. गाभण काळ जेमतेम महिन्याचा असतो.

आपला नम्र,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी