समुद्राला बंदी, वळगणीला मोकळीक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या मोठ्या पावसानंतर सावित्री आणि काळ या नद्यांचे पाणी तांबडे होते आणि आमच्या महाड परिसरात वळगणीचे, म्हणजे पहिल्या पावसात अंडी घालायला ओढ्यांतून शेतांकडे चढणारे मासे धरण्यासाठी माणसे रात्रीच बत्त्या घेऊन बाहेर पडतात. ही हौस वाडवडिलांपासूनची आहे आणि लहानपणापासून मीही तिच्यात सामील आहे. त्यामुळे हे पत्र कोणाच्या ताटातला मासा काढून घेण्यासाठी लिहिलेले नाही.

गढूळ पाण्यात गळाला शिंगटी चांगली लागते, कारण ती डोळ्यांपेक्षा मिशांच्या भरवशावर भक्ष्य शोधते आणि पाण्याबरोबर वाहून आलेले गांडूळ तिला अंधारातही सापडते. एका गळाने नदी रिकामी होत नाही. ओढ्याच्या अरुंद तोंडाशी आडवे जाळे लावले, की मात्र शेताकडे अंडी घालायला निघालेले मासे एकजात अडकतात, आणि गाभोळीचा, म्हणजे अंड्यांनी भरलेला मासा म्हणून त्यांना बाजारात मागणीही अधिक असते.

त्यात आता हवामानाची भर पडली आहे. वैशाखातच अवकाळी पाऊस कोसळतो, एका रात्रीत ओढा वाहू लागतो, मासे चढतात. पुढे आठ-दहा दिवस कडक ऊन पडले, की तेच मासे डबक्यांत अडकतात आणि पोरेसोरेही ते टोपलीने उपसून नेतात. २०२५ साली तर मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोहोचला होता. समुद्रातील यांत्रिक नौकांसाठीची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी तारखेने ठरलेली असते, परंतु नदीला पूर यायला तारीख लागत नाही. पाण्यात सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास मासेमारीच्या १८९७ च्या कायद्यापासूनच मनाई आहे. ओढ्यात आडवे जाळे लावणाऱ्याला हटकणारा कोणी मात्र मी अजून पाहिलेला नाही.

काळ नदीवरच्याच वाळणकोंडी या डोहात वरदायिनी देवीच्या श्रद्धेपोटी कोणी मासा धरत नाही आणि तिथे मोठमोठे मासे माणसाच्या चाहुलीने काठाशी येतात. सगळी नदी अशी राखावी, असे माझे म्हणणे नाही. पहिले तांबडे पाणी आल्यापासून निदान पाच दिवस ओढ्यांच्या तोंडाशी जाळी व सापळे लावू नयेत, एवढा ठराव नदीकाठच्या ग्रामसभांनी करावा आणि हे दिवस दिनदर्शिका पाहून न ठरवता पाणी पाहून ठरवावेत. वळिवाच्या पावसाने ओढा आधीच वाहिला, तर डबक्यात अडकलेले मासे टोपलीने पुन्हा डोहात सोडण्याचे काम तरुण मंडळे सहज करू शकतील.

त्या पाच दिवसांत गळ टाकणाऱ्यांनीही घरी बसावे. मी बसणार आहे.

आपला,
एक वाचक, महाड